पेटीची हजेरी

आमच्या मिस्त्रींचं डोकं फिरलेलं आहे असं मला पहिल्याच दिवशी वाटलं, आणि संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोला तसं सांगितलंही. सकाळी नऊच्या सुमाराला मी वेल्डिंगच्या शॉपवर पोचलो, तर साठीकडे झुकलेले, उंच, काटकुळे असे एक गृहस्थ लाकडी पाटासमोर उकिडवे बसले होते. पाटावर निळ्या रंगाची, सुटकेसएवढी एक पेटी होती आणि ते तिची हजेरी घेत होते.

"तार?" त्यांनी विचारलं, वाकून पेटीत पाहिलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "हजर." मग रोलर, मग नळी, मग चिमटा, मग गॅस. प्रत्येकाचं नाव पुकारायचं, डोळ्यांनी बघायचं, बोटानं चाचपायचं आणि मगच हजर म्हणायचं. सगळ्यात शेवटी ते म्हणाले, "जोडणारा?" इथे मात्र जरा वेळ गेला. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं, एकदा दारातून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "हजर." मग झाकण लावलं, त्याला छोटं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि कामाला लागले.

मी सात वर्षं चाकणच्या एका कारखान्यात वेल्डिंग करून गावाकडे परतलो होतो. तिथे आमच्या अंगात फायरप्रूफ जॅकेट असायचं आणि दर महिन्याला सेफ्टीचं व्याख्यान व्हायचं. त्या व्याख्यानांत मी नेहमी मागच्या रांगेत बसून मोबाईल बघत असे, हा भाग वेगळा. पण परत आल्यावर मी आव असा आणला होता की वेल्डिंगचा शोध आमच्याच खात्यात लागला. मिस्त्रींनी दोन दिवसांत मला ओळखलं आणि माझं नाव 'पुणेकर' ठेवलं. माझं खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत एकदाही उच्चारलं नाही.

आमचं शॉप औंढा नागनाथहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्याला. ट्रॉल्या, गेट, शेड अशी सगळीच कामं यायची, पण मुख्य काम हळद शिजवायच्या कुकरचं. आमच्या भागात हळद काढली की ती वाफेवर शिजवून मग वाळत घालतात. त्यासाठी पाण्याची एक मोठी बंद टाकी असते. तिच्याखाली जाळ घालायचा, तयार झालेली वाफ पाइपातून हळदीच्या ड्रममध्ये सोडायची. टाकीच्या भोवती दिवसभर माणसं वावरतात. कोणी लाकडं सारतं, कोणी ड्रम रिकामे करतं, कोणी नुसतंच चहा पीत उभं असतं. त्या टाकीचा सांधा उसवला तर काय होईल ते सांगायची गरज नाही. म्हणून टाकीचा सांधा फक्त मिस्त्री जोडायचे, आणि तोही त्या निळ्या पेटीनंच.

पेटी म्हणजे वायर फीडर. साध्या वेल्डिंगमध्ये हातभर कांडी घ्यायची, ती संपली की थांबायचं, दुसरी लावायची. पेटीत तारेचं रीळच असतं. एक लहानशी मोटर दोन रोलर फिरवते, ते रोलर तार पकडून लांब नळीतून पुढे ढकलतात आणि गनचा खटका दाबला की तार सरसर बाहेर येऊन लोखंडाला टेकते आणि वितळते. सोबत गॅस सुटतो, तो वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवतो. जड मशीन बाहेर जनरेटरजवळ राहतं आणि ही पेटी तेवढी हातात धरून कामाजवळ नेता येते. तिच्यातून एक बारीक वायर निघते आणि तिच्या टोकाला चिमटा असतो. तो चिमटा कामाच्या लोखंडाला लावला की पेटीच्या मोटरला वीज मिळते. गंजावर किंवा रंगावर चिमटा लावला तर मोटर कधी चालते, कधी आचके देते. लोकांना वाटतं पेटी बिघडली. मिस्त्री खिशातून कानस काढायचे, दोन बोटं जागा घासून चकचकीत करायचे आणि चिमटा तिथे लावायचे. अशा रीतीनं त्यांनी तालुक्यातल्या किती पेट्या 'दुरुस्त' केल्या असतील त्याला हिशेब नाही.

त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट पेरापासून तुटलेलं होतं. ते कसं गेलं हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, आणि मलाही चहा येण्याआधीच सांगितलं. तरुणपणी ते पेटी उघडी ठेवून रोलरमध्ये तार सरकवत होते. वीज चालूच होती, आणि टाकीच्या पलीकडून एका सोबत्यानं, तार आली का बघावं म्हणून, गनचा खटका दाबला. तेव्हापासून त्यांनी झाकणाला कडी बसवून घेतली आणि कुलूप लावलं. आधी मशीन बंद, मग कुलूप उघडायचं. झाकण लागल्याशिवाय मशीन चालू नाही. आतल्या तारेत, रोलरमध्ये, रिळातसुद्धा खटका दाबला की तीच वीज खेळते जी गनच्या टोकाला असते, हे मला कारखान्यात शिकवलेलं असणारच. पण मला ते खऱ्या अर्थानं कळलं ते त्यांच्या अर्ध्या बोटाकडे बघून.

पाटाचंही तसंच. पेटी कधी ओल्या जमिनीवर किंवा उघड्या लोखंडावर ठेवायची नाही, म्हणून तिला पाट. तो पाट त्यांनी घरून आणला होता. त्यांच्या बायकोनं तो बरेच दिवस शोधला म्हणे, आणि एकदा शॉपवर जेवणाचा डबा द्यायला आल्या तेव्हा पेटीला त्यावर बसलेलं पाहून डबा ठेवून निघून गेल्या.

एकदा आम्हाला पुसेगावला एका शाळेच्या शेडचं काम होतं. मशीन आणि जनरेटर तिथे होतंच, नुसती पेटी न्यायची होती. मिस्त्री एसटीनं निघाले. पेटी टपावर टाकू देईनात, पायाशी ठेवू देईनात. खिडकीची जागा पेटीला दिली, आपण शेजारी बसले आणि कंडक्टरला एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट मागितलं. कंडक्टर म्हणाला, काका, सामानाचं तिकीट वेगळं असतं. मिस्त्री म्हणाले, सामान असतं तर टपावर नसतं का टाकलं. शेवटी मागे उभे असलेले लोक कंटाळून ओरडायला लागले तेव्हा कंडक्टरनं वैतागून अर्धं तिकीट फाडलं. ते तिकीट मिस्त्रींनी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं. मी ते पुष्कळदा पाहिलंय.

शाळेत पोचल्यावर त्यांनी मला, हेडमास्तरांना आणि शेड बघायला आलेल्या शाळा समितीच्या दोन सदस्यांना अंगठ्या, कडी, गंडे काढून खिळ्याला टांगायला लावले. जवळ बांधलेल्या म्हशीचं तोंड दुसरीकडे करून घेतलं, कारण डोळ्याला लाईट तिलाही लागते. मग सुकलेलं गवत झाडून काढलं, पाण्याची बादली भरून ठेवली आणि हजेरी घेतली. सदस्य आमचं हे सगळं नाटक उभं राहून बघत होते. हे एवढं रोज करता का, असं हेडमास्तरांनी मला हळूच विचारलं. मी म्हणालो, रोज. माझ्या आवाजात थोडी थट्टा होती, ती मिस्त्रींनी ऐकली असणार. त्यांना सगळंच ऐकू जायचं.

कारण त्यांचं खरं वेड होतं ते आवाजाचं. काच डोळ्यांवर ओढली की ते डोळ्यांपेक्षा कानांनीच काम करायचे. तार नीट चालत असली की लाह्या फुटल्यासारखी एकसारखी तडतड येते. ती जरा अडखळली तरी ते गन बाजूला घेऊन थांबायचे. शॉपच्या दुसऱ्या टोकाला मी जोडत असलो तरी मध्येच हातोडीचे तीन ठोके ऐकू यायचे. त्याचा अर्थ, पुणेकर, थांबा आणि बघा. मला त्याचा भयंकर राग यायचा. राग यायचं कारण हे की दर वेळी काहीतरी निघायचंच. कधी गनचं टोक झिजलेलं, कधी नळीला मुरड पडलेली.

आणि सांधा जोडून झाला की चुना. टाकीच्या बाहेरून सांध्यावर ओला चुना फासायचा, तो वाळला की आतून सांध्यावर डिझेल फिरवायचं आणि वाट बघायची. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी डिझेल झिरपतं आणि पांढऱ्या चुन्यावर काळपट डाग उमटतो. पाण्याच्या दाबाची परीक्षा त्यानंतर. मालक म्हणायचे, पाण्यानं कळतंच की, चुना कशाला. मिस्त्री म्हणायचे, पाणी कधी कधी भीड धरतं. आपल्याच हातच्या सांध्यासमोर ते स्टूल टाकून बसायचे आणि पोलिसासारखे टक लावून बघायचे.

आता त्या 'जोडणाऱ्या'बद्दल. वर्षातून चार-पाच वेळा असं व्हायचं की शेवटचा प्रश्न विचारून मिस्त्री हातांकडे बघत राहायचे आणि मग म्हणायचे, "गैरहजर." एकदा मुलगी दवाखान्यात होती, एकदा भावाशी शेतावरून भांडण झालं होतं, एकदा तर काहीच कारण नव्हतं. त्या दिवशी ते टाकीला हात लावायचे नाहीत. गेट रंगवतील, पाइप कापतील, झाडलोट करतील, पण टाकी नाही. मालक आधी विनवायचे, मग चिडायचे. मिस्त्री शांतपणे सांगायचे की मशीन हजर आहे, गॅस हजर आहे, मीच न्हाई तर मी काय करू. मी यावर घरी आणि चहाच्या टपरीवर पुष्कळ लोकांना हसवलं आहे.

मिस्त्री दरवर्षी दसऱ्याला नागपूरला जायचे, दीक्षाभूमीवर. त्यांच्या वस्तीतले तीस-चाळीस जण मिळून गाडी करायचे. वस्तीतल्या विहाराची जाळी, दार, पाण्याच्या टाकीचा स्टँड हे सगळं त्यांनीच जोडलेलं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची, त्या दिवशी ते नसायचेच. दरवर्षी किल्ली ते सोबत घेऊन जायचे. मी कामाला लागून दुसरं वर्ष होतं. त्या वर्षी निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. काम पडलं तर उघडा, म्हणाले. रोलरला फक्त कोरडं फडकं लावा. बाकी तुमाला समदं ठाऊकच हाय.

हे शेवटचं वाक्य ऐकून मी दिवसभर छाती फुगवून हिंडलो.

खंडेनवमीला मालकीणबाई ताट घेऊन आल्या. सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडली होती. हळदकुंकू, फुलं, नारळ. निळ्या पेटीपाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, दरवर्षी हिला बाहेरूनच हळदकुंकू लागतं, काहून बंद ठेवता हिला. माझ्या खिशात किल्ली होती. नवा शर्ट होता. चार माणसं बघत होती. मी कुलूप उघडलं. बाईंनी मनापासून रोलरला हळदकुंकू वाहिलं. त्यांचा काय दोष, त्यांना रोलर आणि ऐरण सारखेच. पण मी पुढे होऊन तेलाचा ब्रश घेतला आणि बाकीच्या हत्यारांसारखा रोलरवरही फिरवला. चमकले छान. फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी दसरा. हट्ट्याच्या बायकांच्या बचत गटानं एक कुकर सांगितला होता आणि त्यांना तो दसऱ्याच्याच मुहूर्तावर न्यायचा होता. टाकीच्या तळाची प्लेट उशिरा आली होती, त्यामुळे तळ जोडायचा राहिला होता. मिस्त्री जाताना सांगून गेले होते की मी आल्यावर जोडू. पण मालकांनी गटाला शब्द दिला होता आणि ते माझ्याकडे आशेनं बघत होते. मी म्हणालो, मी आहे ना.

रोलरवरची हळद मी वरवर पुसली होती. तरी पहिल्या हातभर सांध्यातच तार घसरायला लागली. मी रोलरचा दाब वाढवला. हे कधी करायचं नसतं, आधी तार का घसरते ते बघायचं असतं. दाब वाढवल्यावर तार चपटी झाली, नळीत अडकली आणि पेटीत तिचा मोठा गुंता झाला. गुंता कापला, नवी तार सरकवली, पुन्हा लागलो. आवाज एकसारखा नव्हता. तारेबरोबर तेल आत जात होतं, जळत होतं, आणि वितळलेल्या लोखंडात त्याचे फुगे राहत होते. हे मला कळत होतं. बाहेर टेम्पो उभा होता. मी सांधा पूर्ण केला, ग्राइंडर मारून गुळगुळीत केला आणि त्यावर प्रायमर मारला. चुना लावला नाही. मालकांनी पाण्याची परीक्षा घाईत उरकली, प्रायमरनं भोकं बुजली होती, पाणी काही गळलं नाही. टाकीला हार घालून टेम्पो गेला.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले. पेटी उघडली आणि रोलरच्या खाचेतला पिवळा रंग त्यांना लगेच दिसला. ते रागावले नाहीत. पूजा झाली वाटतं, एवढंच म्हणाले. रोलर काढून धुतले, तेल प्यालेली नळी फेकून नवी घातली. मग त्यांना कळलं की हट्ट्याची टाकी गेली. त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या.

"आवाज कसा होता?"

मी म्हणालो, बराबर होता.

"चुना?"

मी म्हणालो, लावला होता.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या कामाला लागले. मी एवढा वेळ उत्तरं तयार करत बसलो होतो, ती लागलीच नाहीत. एका सोबत्यानं सांगितलं म्हणजे झालं, असा तो माणूस होता.

पुढचे चार महिने मी त्या टाकीचा विचार न करण्यात घालवले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेतांतून हळदीची पानं वाळायला लागली. आधी मी स्वतःला समजावलं की सांधा तसा काही वाईट नसेल. मग समजावलं की वाफेचा दाब फार नसतोच. रोज सकाळी हजेरीत 'जोडणारा' आला की मी काहीतरी शोधायला आत जायचो.

माघात एक दिवस हट्ट्याच्या गटाच्या अध्यक्षबाई आल्या. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांना कुकरच्या झाकणाचा रबर हवा होता. उद्या पहिली हळद शिजायला घालणार म्हणून आम्हाला जेवायचं बोलावणंही त्यांनी केलं. म्हणाल्या, "आमी बारा जणी हाव. पहिल्या दिशी समद्या टाकीपाशीच राहणार. कोणीच घरी बसायला तयार न्हाई." आणि हसल्या.

मी त्यांना रबर काढून दिला. मला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री हजेरीला बसले. तार, रोलर, नळी, चिमटा, गॅस. "जोडणारा?" म्हणून ते थांबले, तेवढ्यात मी बोललो. मी म्हणालो, मिस्त्री, दसऱ्याला मी गैरहजर होतो. हट्ट्याच्या टाकीचा आवाज बराबर नव्हता. चुना लावलाच नव्हता.

त्यांनी हातातलं फडकं पाटावर ठेवलं. मला वाटलं आता उठून कानाखाली ठेवून देतील, आणि दिली असती तर बरं झालं असतं.

"चार म्हैने," ते म्हणाले, "मी तुमच्या शब्दावर निवांत झोपून राहिलो."

मग उठले आणि मालकांकडून पिकअप मागून घेतली. मशीन, गॅसची टाकी, चुन्याचा डबा मागे चढवला. पेटी मांडीवर घेऊन ते पुढे बसले.

तिथे सगळी तयारी झाली होती. लाकडं रचलेली, हळदीचे ढीग घातलेले, बायका गोळा झालेल्या. मिस्त्रींनी आधी अध्यक्षबाईंना सांगून आज जाळ घालायचा नाही असं ठरवून घेतलं. प्रायमर घासून काढला, सांध्यावर चुना फासला, वाळल्यावर आतून डिझेल फिरवलं. आम्ही सगळे टाकीच्या तळाशी वाकून बघत होतो. पहिला डाग लगेच उमटला. मग दुसरा. एकूण सात. मिस्त्रींनी खडूनं प्रत्येकाभोवती गोल काढला. त्यातला एक डाग बोटभर लांब होता.

अध्यक्षबाईंना काय झालं ते समजायला वेळ लागला नाही. त्यांनी मिस्त्रींना विचारलं, हे कोणी जोडलं. मिस्त्री उत्तर देतील म्हणून मी खाली बघत होतो. मी वर पाहिलं तर ते माझ्याकडेच बघत होते.

"मी," मी म्हणालो. "मला ठाऊक होतं, तरी दिली."

बाईंनी एकवार मागे उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं, एकवार माझ्याकडे. शिव्या घातल्या नाहीत. मिस्त्रींना म्हणाल्या, आता तुमी सोता जोडा, ह्यांना हात लावू देऊ नका.

"न्हाई बाई," मिस्त्री म्हणाले. "तेच जोडतील. कुठं कुठं अडखळलं ते त्यांच्याच कानाला ठाऊक हाय. मी इथंच बसून राहतो."

डिझेल लागलेल्या टाकीला लगेच आग दाखवायची नसते. गरम पाणी आणि सोडा घालून ती तीनदा धुतली, पुसली, सगळी झाकणं उघडी ठेवून वारा खेळवला. बायका सारख्या विचारत होत्या, झालं का. मिस्त्री टाकीत डोकं घालून वास घ्यायचे आणि न्हाई म्हणायचे. दुपार कलली तेव्हा कुठे ते व्हय म्हणाले. सातही जागा मी मुळापासून खरवडून काढल्या. मिस्त्रींनी वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्री बांधायला लावली, कारण वारा गॅस उडवून नेतो आणि पुन्हा तीच भोकं पडतात. बायकांना पाठी फिरवायला सांगितलं, दोन बैल हलवले, धातूच्या बांगड्या घातलेल्या दोघींना मशीनपासून लांब केलं. पाट मांडला, पेटी ठेवली, कुलूप उघडलं.

मग त्या सगळ्या जणींसमोर त्यांनी हजेरी घेतली. कोणी हसलं नाही. शेवटी "जोडणारा?" म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या प्रश्नाचं उत्तर तोवर नेहमी त्यांनीच दिलेलं होतं. मी म्हणालो, हजर. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

सांधा झाला तेव्हा दिवस मावळायला आला होता. हातोडीचा ठोका एकदाही पडला नाही. चुना पुन्हा फासला, तो कोरडा राहिला. पाण्याचा दाबही टिकला. दुसऱ्या दिवशी त्यांची हळद शिजली. जेवायला आम्ही गेलो नाही, पण बाईंनी डबा पाठवला, मिस्त्रींच्या नावानं. त्यांनी त्यातलं अर्धं मला वाढलं.

हे सगळं झालं तरी मिस्त्री माझ्याशी आधीसारखेच वागले. पुणेकर म्हणून थट्टा करायचे, भाकरी वाटून खायचे. फक्त किल्लीला सेफ्टी पिन आली. शर्टाच्या खिशात आतून टाचलेली. ते नागपूरला गेले की किल्ली सोबत जायची. रीळ बदलायचं असलं तरी ते स्वतः येऊन कुलूप उघडायचे, शेजारी उभे राहायचे आणि स्वतःच लावायचे. मी मालकांना कधी तक्रार केली नाही. ती पिन बघितली की मात्र मला दर वेळी टोचायचं, आणि तीन वर्षं मी ती रोज बघत होतो.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झालं, थोडं बरं वाटलं, पण पुढच्याच हिवाळ्यात पुन्हा धूसर व्हायला लागलं. ते कोणाला बोलले नाहीत. कानांवर निभावत राहिले, आणि खरं सांगतो, निम्म्या तालुक्यातल्या डोळसांपेक्षा त्यांचे कान चांगले होते. एक दिवस त्यांनी एक टाकी जोडली, नेहमीप्रमाणे चुना फासला, डिझेल फिरवलं आणि स्टूल टाकून बसले. मी पलीकडे होतो. बराच वेळ झाला तरी ते उठेनात म्हणून मी गेलो. चुन्यावर दोन डाग होते. त्यांच्या हातच्या सांध्यावर मी डाग पहिल्यांदाच बघत होतो. ते डोळे बारीक करून चुन्याच्या अगदी जवळ जाऊन बघत होते.

"पुणेकर, किती हायेत?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं. मी म्हणालो, दोन.

त्यांनी माझ्याकडून खडू घेतला आणि माझ्या बोटाच्या खुणेवर दोन गोल काढले. टाकी धुऊन वाऱ्याला उघडी ठेवली आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वेळेवर आले. पाटासमोर बसले, कुलूप उघडलं. तार, रोलर, नळी, चिमटा, गॅस, सगळं बोटांनी चाचपून हजर म्हणाले. "जोडणारा?" म्हणाले आणि हातांकडे बघत राहिले.

"गैरहजर," ते म्हणाले.

मी त्यांना चहा आणायला निघालो, कारण अशा दिवशी ते आधी चहा घेत. त्यांनी मला थांबवलं. शर्टात हात घालून पिन सोडवली. ती सुटायला वेळ लागला, बोट अर्धं आणि डोळ्यांना दिसत नव्हतं, पण मला मदत करू दिली नाही. किल्ली काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि वरून माझी मूठ मिटली. मग पाटासमोरून उठून ते स्टुलावर जाऊन बसले, चुन्याचा डबा पायाशी घेऊन.

"घ्या हजेरी," म्हणाले.

मी पाटासमोर बसलो. तार म्हणालो, वाकून पाहिलं, हजर म्हणालो. रोलर कोरडे होते. नळी, चिमटा, गॅस. "जोडणारा?" म्हणालो. डोळ्यांना पाणी आलं, ते पुसायला हात वर केला तर हातात किल्ली.

"सांगा की," स्टुलावरून मिस्त्री म्हणाले. "मी ऐकून राहिलो."

"हजर," मी म्हणालो, आणि पेटीचं झाकण लावून कुलूप घातलं.